आयरिश आडनावांचा माग: दोन मोफत संकेतस्थळे काही महिने वापरल्यानंतर

आमच्या जावयांचे स्मिथ घराणे मूळचे आयर्लंडमधील कॅव्हन काउंटीचे. त्यांची वंशावळ जुळवण्यासाठी आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे संकेतस्थळ आणि 'आयरिश जिनिऑलॉजी' हे जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदींचे सरकारी संकेतस्थळ मी काही महिने सातत्याने वापरत आहे. दोन्ही मोफत आहेत आणि दोहोंवर मूळ कागदाची प्रतिमा पाहता येते. माझ्या मते हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण सूचीत दिसणारे आडनाव अनेकदा आधी कोणीतरी ऐकून लिहिलेले आणि पुढे दुसऱ्याच कोणीतरी वाचून उतरवलेले असते. ज्या कुटुंबप्रमुखाला लिहिता येत नसे, त्याचा जनगणनेचा तक्ता पोलीस शिपाई भरत असे.

ध्वनिसाम्यावर चालणाऱ्या शोधाची मर्यादा इथे नीट समजून घ्यावी लागते. १९१८ मध्ये पेटंट मिळालेली साउंडेक्स पद्धत आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर तसेच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांचे आकडे करते. त्यामुळे आय आणि वाय या दोन्ही अक्षरांनी लिहिलेले स्मिथ एकत्र सापडतात. परंतु के आणि सी यांनी सुरू होणारे कॅव्हना वेगळे पडतात आणि ओब्रायन व ब्रायन यांचीही ताटातूट होते. कॅव्हनमधली अडचण तर याहून खोल आहे. तिथल्या अनेक मॅक गावन घराण्यांनी, म्हणजे 'लोहाराच्या मुला'च्या वंशजांनी, आडनावाचे इंग्रजी भाषांतर करून स्मिथ लावले, तर काही जण मॅकगोवनच राहिले. ही दोन रूपे उच्चाराच्या कोणत्याही गणिताने जुळणार नाहीत. रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेली पर्यायी आडनावांची यादी अशा वेळी फार उपयोगी पडते.

मला सर्वांत भरवशाचा वाटलेला मार्ग म्हणजे आडनावाचा रकाना रिकामा ठेवून संपूर्ण टाउनलँडमधली, म्हणजे आयर्लंडमधल्या जमिनीच्या सर्वांत लहान प्रशासकीय विभागातली, घरे वाचून काढणे. १९११ च्या तक्त्यात विवाहित स्त्रियांच्या लग्नाला झालेली वर्षे, झालेली अपत्ये आणि त्यांपैकी हयात असलेली अपत्ये नोंदवलेली आहेत. मुलांच्या नावांसह ती पडताळली की आडनाव वेगळे दिसत असूनही घर ओळखता येते. वयावर मात्र विसंबू नये. १९०८ च्या कायद्याने सत्तरीनंतर निवृत्तिवेतन मिळू लागले आणि १९०१ ते १९११ या दहा वर्षांत अनेकांची वये दहापेक्षा बरीच अधिक वाढलेली दिसतात.

१९०१ च्या मागे जाताना वाट अरुंद होते. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचे तक्ते सरकारनेच नष्ट केले आणि त्याआधीचे बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयसंकुलातील आगीत गेले. उरते ते १८४७ ते १८६४ मधले ग्रिफिथ यांचे मूल्यांकन, म्हणजे करआकारणीसाठी केलेली मालमत्तेची नोंद, पण त्यात जमीन किंवा घर धारण करणाऱ्यांचीच नावे आहेत. मध्यंतरी एका सशुल्क संकेतस्थळाने सुचवलेली वंशावळही पाहिली. तिने एकाच गावातली दोन स्मिथ कुटुंबे एक केली होती, म्हणून ती मी वापरली नाही.

१९११ मध्ये काही घरांनी तक्ता आयरिश भाषेत भरला आहे, आणि त्या भाषेत मुलीच्या आडनावात 'मॅक'च्या जागी 'निक' येते. त्यामुळे स्मिथांची अविवाहित मुलगी शोधताना एस आणि एम यांच्याबरोबर एन हे अक्षरही तपासावे.