क्लबची सीडी पहिल्या आवृत्तीच्या भावात

जुन्या अमेरिकन रॉक आणि जॅझच्या सीडी परदेशातून मागवणाऱ्यांची एक फसवणूक पुन्हा पुन्हा होते. वर्णनात ‘मूळ पहिली आवृत्ती, १९८७’ असं लिहिलेलं असतं, भावही त्याच तोऱ्यातला असतो आणि पाकिटातून निघते म्युझिक क्लबने, म्हणजे सभासदांना घरपोच सीडी विकणाऱ्या कंपनीने, नंतर छापून घेतलेली प्रत. तक्रार केली की विक्रेता म्हणतो, आवाज तर तोच आहे ना! बहुतेक वेळा ते खरंही असतं, आणि तिथेच घेणारा गप्प बसतो. गप्प बसायचं कारण नाही. जादा पैसे त्या विशिष्ट छपाईचे मोजलेले असतात.

कोलंबिया या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा क्लब १९५५ सालचा. पुढे तो कोलंबिया हाउस म्हणून ओळखला गेला, आणि त्याच्या तोडीचा दुसरा क्लब बीएमजी या संगीत कंपनीचा. सुरुवातीला जवळजवळ फुकट सीडींचा गठ्ठा, मग ठरलेल्या मुदतीत काही सीडी पूर्ण भावाने घ्यायचं बंधन. महिन्याची निवड नको असेल तर कार्ड वेळेत परत पाठवायचं, नाहीतर सीडी आणि बिल दोन्ही दारात. अनेक शीर्षकांच्या बाबतीत हे क्लब तयार माल उचलत नसत. परवाना आणि मास्टर (ज्यावरून प्रती छापतात ते मूळ ध्वनिमुद्रण) घेऊन ते आपल्या प्रती वेगळ्या छापून घेत. क्लब आवृत्ती जन्मली ती अशी.

क्लबच्या मालाचा आवाज हलका, ही समजूत एलपी आणि कॅसेटच्या काळातली आहे. तिथे टेपची आणखी एक नक्कल काढली की खरखर वाढायची. सीडीला हा नियम लागत नाही. डिजिटल मास्टरची नक्कल बरोबर निघाली तर आकडे तेच राहतात, आणि चकतीवरच्या बारीकसारीक चुका प्लेअर वाचतानाच दुरुस्त करतो. फरक पडतो तो मास्टरिंग, म्हणजे छपाईआधी केलेली आवाजाची अंतिम जुळणी, वेगळं असेल तर. दुकानात नवं रीमास्टर आलेलं असताना क्लबकडे जुनंच चालू राहू शकतं, किंवा उलट. तरीही ही समजूत धंद्याला उपयोगी पडते. संग्रह विकत घेताना व्यापारी सांगतो, ‘क्लबच्या आहेत, आवाज बरा नाही,’ आणि भाव पाडतो. त्याच सीडी पुढे विकताना मात्र क्लबचा उल्लेखही करत नाही.

ओळखायचं कसं? डबीच्या कण्यावर (कडेच्या अरुंद पट्टीवर) आणि मागच्या कागदावर बघा. बीएमजीच्या प्रतीवर रोमन ‘डी’ आणि पुढे आकडे असतात, आणि बीएमजी डायरेक्ट मार्केटिंगसाठी परवान्याने बनवल्याची बारीक अक्षरांतली ओळ. कोलंबिया हाउसच्या प्रतीवर सीआरसी ही अक्षरं किंवा कोलंबिया हाउसने परवान्याने बनवल्याची ओळ. बारकोडच्या जागी बऱ्याचदा नुसता चौकोन किंवा मजकूर असतो. पण बारकोड नाही एवढ्यावरून निकाल लावू नका, सुरुवातीच्या काळातल्या दुकानी सीडींवरही तो नसायचा. पुस्तिकेची पानं मोजा, क्लबच्या काही प्रतींत ती कमी असतात.

खरी मेख डबीत आहे. प्लास्टिकची डबी उघडून कागद बदलायला एक मिनिट लागतं, त्यामुळे दुकानी कागद आणि आत क्लबची चकती अशी जोडी सर्रास लावली जाते. म्हणून मागच्या कागदाच्या फोटोवर समाधान मानू नका. चकतीच्या छापील बाजूचा आणि चमकत्या बाजूच्या आतल्या कड्याचा असे दोन फोटो मागा, तिरप्या उजेडात काढलेले. त्या कड्यावर मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या छपाईचा ओळख क्रमांक, असतो. तिथे किंवा मधल्या पारदर्शक प्लास्टिकवर आयएफपीआय (संगीत कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) ही रोमन अक्षरं आणि पुढे काही अक्षरं-आकडे दिसले, तर ती चकती १९८७ ची असू शकत नाही. हे कोड १९९४ पासून सुरू झाले. कोड नसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, सगळ्या कारखान्यांनी ते एकाच वेळी लावले नव्हते. मॅट्रिक्स क्रमांक डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-सीडींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर ताडून पाहा, तिथे क्लब आवृत्तींच्या नोंदी वेगळ्या असतात. तिथलाच फोटो उचलून जाहिरातीत लावणारा विक्रेता टाळा.

आवाजाबद्दल दावा असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी संगणकात उतरवणाऱ्या प्रोग्रामचा लॉग (उतरवल्याची नोंद) मागा, सिक्युअर मोडमधला, म्हणजे चुका तपासत वाचलेला. त्यात प्रत्येक गाण्याची पीक लेव्हल, म्हणजे आवाजाची सर्वोच्च पातळी, असते. दुकानी प्रतीत गाण्यागणिक ७०-८५ टक्के, आणि विक्रेत्याच्या प्रतीत सगळीकडे १०० टक्के, तर मास्टरिंग वेगळं आहे. सगळ्या गाण्यांचे आकडे दशांशापर्यंत जुळले तर मास्टरिंग बहुधा एकच. इथे एक चूक फार जण करतात. चेकसम (फाइलमधल्या आकड्यांवरून काढलेला पडताळणी क्रमांक) जुळला नाही की आवाज वेगळा, असं धरून चालतात. वेगळ्या छपाईत संगीत काही सॅम्पल (डिजिटल आवाजाचे सर्वांत लहान तुकडे) मागेपुढे सुरू होतं, तेवढ्यानेही चेकसम बदलतो. दोन्ही प्रतींच्या वेव्ह (आवाज न दाबलेल्या) फाइली ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये घ्या, सॅम्पलपर्यंत झूम करून जुळवा, एक ‘इन्व्हर्ट’ने उलटी करा (‘रिव्हर्स’ने नव्हे) आणि दोन्ही मिसळा. पूर्ण शांतता आली तर दोन्हींतले आकडे एकच. पुसट संगीत उरलं तर आधी जुळवणी पुन्हा तपासा, नुसता एका सॅम्पलचा फरकही उच्च स्वरांची सळसळ मागे ठेवतो.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून संदेशात एक वाक्य लिहून घ्या: ही दुकानी आवृत्ती आहे, क्लबची नाही, मॅट्रिक्स क्रमांक अमुक. उत्तर टाळलं तर व्यवहार सोडा. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा आणि कड्याचा फोटो त्याच दिवशी घ्या. ईबेवर ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ हेच कारण निवडा. ‘मन बदललं’ निवडलं तर परतीचा टपालखर्च बहुधा तुमच्या माथी येतो, आणि भारतातून अमेरिकेला पाकीट पाठवणं सीडीपेक्षा महाग पडू शकतं. सीमाशुल्क भरलं असेल तर ते विक्रेता देत नाही, हे भाव ठरवतानाच धरून चाला. अर्धे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या, असा निरोप आला तर आधी पैसे खात्यात जमा होऊ द्या. मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडता येईलच असं नाही.