एचएमटी जनता: घरातलं जुनं घड्याळ किती अस्सल?

आजोबा-वडिलांच्या कपाटातून निघणाऱ्या घड्याळांत एचएमटी जनता हमखास असते. एचएमटी या सरकारी कंपनीच्या बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनू लागली. २०१६ मध्ये हा घड्याळाचा उद्योग बंद करण्याचा निर्णय झाला. जनता रोज चावी द्यायचं, १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे मशीनची झीज रोखणारे बारीक खडे), साधं आणि दणकट घड्याळ आहे. आतलं मशीन चांगलंच आहे. खरा प्रश्न तबकडीचा असतो, आणि अस्सलपणाचा बहुतेक निकाल तिथेच लागतो.

जुन्या तबकड्या पुन्हा रंगवायचं काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. भडक निळ्या, केशरी, हिरव्या तबकडीच्या घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. घरचं घड्याळ असलं म्हणून ते यातून सुटतंच असं नाही. ‘डायल काळी पडलीय, नवी करून देतो,’ असं कारागिराने म्हटलं आणि घरच्यांनी आनंदाने हो म्हटलं, हे फार घरांत घडलेलं आहे.

दहापट भिंग घ्या आणि उजेड तिरपा पडू द्या. कारखान्यातल्या छपाईत अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. पुन्हा छापलेल्या तबकडीत अक्षरं जाड होतात, ‘१७ ज्वेल्स’ ही ओळ किंचित तिरकी बसते, आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांच्या बरोब्बर मध्यावर येत नाहीत. १२, ३, ६ आणि ९ या चार ठिकाणी आधी बघा. तबकडीच्या कडेला छोटी खाच दिसली तर संशय आणखी वाढवा. रंगवणारे तबकडी सरळ बसवायला अशी खाच पाडतात. काटेही पाहा: मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नसेल तर तो बहुधा दुसऱ्या घड्याळाचा आहे.

मग झाकण उघडून घ्या, पण स्वयंपाकघरातल्या सुरीने नाही. झाकणाची कड तुटते आणि ओरखडे कायमचे राहतात. मशीनवर एचएमटीची खूण आणि ०२३१ हा क्रमांक हवा. हेच मशीन एचएमटीच्याच पायलट मॉडेलमध्येही असतं, त्यामुळे एकाची तबकडी दुसऱ्यात सहज बसते. म्हणजे मशीन खरं निघालं तरी घड्याळ अख्खं खरं ठरत नाही. तबकडी मशीनवर पक्की बसवणारे तिच्या मागचे बारीक पाय कापून ती चिकटपट्टीने लावली आहे का, हे सर्व्हिसिंगला काटे उतरतील तेव्हाच दिसेल. कारागिराला त्याच वेळी फोटो काढायला सांगा.

काच, चावी, पट्टा बदललेला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. ॲक्रिलिकची काच ओरखडे पडून बदलावीच लागते. केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचावर, क्रोम चढवलेलं असतं; कोपऱ्यांवर खालचं पिवळं पितळ दिसणं हे प्रामाणिक झीज असल्याचं लक्षण. उलट तबकडी जुनाट आणि केस आरशासारखी चकचकीत, कोपरे गुळगुळीत, असं दिसलं तर पॉलिश झालंय किंवा केसच बदलली आहे.

चालण्याबद्दल एक गैरसमज: ‘चावी जास्त दिली म्हणून अडकलं’ असं सर्रास सांगतात. बहुतेकदा आतलं तेल सुकून घट्ट झालेलं असतं, आणि ते न काढता चावी पिळत राहिलं तर आतले भाग झिजतात. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे धावायला लागलं तर चुंबकत्व शिरलंय का ते आधी तपासून घ्या. कारागिराकडच्या यंत्रावर ते क्षणात उतरतं. सर्व्हिसिंगनंतर दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर फरक पडला, तर या वयाच्या घड्याळाकडून तेवढं पुष्कळ आहे.

दुरुस्तीला देताना पावतीवर दोन ओळी लिहून घ्या: तबकडीला रंग किंवा द्रावण लावायचं नाही, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग डबीत घालून परत द्यायचा.