आव्हरकाम्पचा बर्फ लावावा की व्हान डेर नेरचा?

भिंतीवर डच हिवाळ्याच्या चित्राची छापील प्रत लावायचं ठरलं की गाडी बहुधा दोन चित्रकारांपाशी अडते: हेंड्रिक आव्हरकाम्प आणि आर्ट व्हान डेर नेर. गोठलेली नदी, स्केटिंग, काठीने चेंडू टोलवायचा कोल्फ हे दोघांकडेही आहे. फरक कळतो तो फ्रेम टांगल्यावर.

व्हान डेर नेरचं क्षितिज खाली, वर आभाळच आभाळ. ढगांतून झिरपणारा पिवळसर उजेड बर्फावर उतरतो आणि त्यापुढे माणसं काळपट दिसतात. सोफ्यावरून, लांबून पाहायला हेच चित्र सरस, मान्य. पण गडद चित्रावर साधी काच म्हणजे आरसा. संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की ढगांत नळी दिसते आणि कोल्फवाल्यांच्या जागी आपण. नॉन-ग्लेअर काच घातली तर चमक जाते खरी, पण माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) जाड असला की काच चित्रापासून सुटते आणि सगळं धुरकट होतं. माझा कौल फिरला तो या काचेपायी.

आव्हरकाम्पचा बर्फ फिका, त्यामुळे साधी काच खपून जाते. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियम या संग्रहालयातलं त्याचं साधारण 1608 सालचं चित्र घ्या. क्षितिज वर चढवलंय, म्हणून माणसांना जागाच जागा. डावीकडे खाली पक्ष्यांचा सापळा आहे: जुनं दार काठीवर टेकवलेलं, काठीला दोरी, पाखरं दाणे टिपायला आली की दोरी ओढायची. जवळच कुत्रा मेलेलं जनावर तोडतोय. (चित्रकाराला बोलता येत नव्हतं, गलका मात्र भरपूर रंगवलाय.)

खोट आकारात आहे. मूळ चित्र 77.3 बाय 131.9 सेंमी, चांगलंच लांबट. ए-थ्रीवर 42 सेंमी रुंदीला उंची जेमतेम साडेचोवीस येते. मग छपाईवाला कागद भरायला दोन्ही बाजू कापतो आणि डावीकडच्या सापळ्यावर गदा येते. ‘कापू नका, वर-खाली पांढरं सोडा’ असं लिहूनच द्यावं. तरी ए-थ्रीवर माणसांच्या मुंग्या होतात. 90 सेंमी रुंदी आणि मॅट कागद हवा. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठी फाइल फुकट मिळते.

भिंत लांब असेल आणि समोर खिडकी-दिवा नसेल, तर व्हान डेर नेर खुशाल घ्यावा. जेवणाच्या टेबलाशेजारी मात्र आव्हरकाम्पच, आणि खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपाशी. त्याहून वर टांगला तर सापळा शोधायला खुर्चीतून उठावं लागतं.