ऑस्ट्रेलियन लेखकांपैकी आधी कोणाला वाचावं?

भाचीचं मेलबर्नच्या विद्यापीठातलं ॲडमिशन पक्कं झालं, त्याच संध्याकाळी नाशिकहून तिचा फोन आला. "मावशी, तिकडे यायच्या आधी तिकडचं एक तरी पुस्तक वाचायचंय. यादी नको, एकच सांग." मेलबर्नला राहून मला बारा वर्षं झाली. इथे कौन्सिलच्या लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं, त्यामुळे वाचनही भरपूर झालं. तरी एक नाव ठरवायला मला दोन दिवस लागले. हाच प्रश्न आणखीही बऱ्याच जणांनी विचारलाय, म्हणून त्या दोन दिवसांत जे तोलून पाहिलं ते इथे मांडते.

उत्तर आधीच सांगते: तारा जून विंच यांची 'द यील्ड'. पण ते सगळ्यांना लागू पडणार नाही. तुम्ही कधी वाचता, किती वाचता, इंग्रजी किती सरावाचं आहे यावर उत्तर बदलतं.

आधी दोन नावं बाजूला ठेवते. आपल्याकडे ऑस्ट्रेलियन लेखक म्हटलं की 'शांताराम' आठवतं. मेलबर्नच्या पेंट्रिज तुरुंगातून १९८० मध्ये पळालेल्या ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांची ती कादंबरी २००३ ची. कुलाबा, झोपडपट्टी, महाराष्ट्रातलं खेडं, नायकाला तिथे मिळालेलं ते नाव, सगळं आपल्या ओळखीचं. पण ती मुंबईची कादंबरी आहे, तिच्यातून ऑस्ट्रेलिया कळत नाही. दुसरं नाव पॅट्रिक व्हाइट, १९७३ चे नोबेल विजेते. लुडविग लाइकहार्ट हा जर्मन संशोधक १८४८ मध्ये या खंडाच्या पोटात शिरला आणि परत आलाच नाही. त्याच्यावरून सुचलेली व्हाइट यांची 'व्हॉस' (१९५७) मोठीच कादंबरी आहे. मात्र तिची वाक्यं इतकी घट्ट विणीची आहेत की नव्या वाचकाला पन्नास पानांत धाप लागते. इथली तीन-चार पुस्तकं वाचून झाली की मग घ्या.

आधी एक रात्र लॉसन यांना द्या

पैसे खर्च करण्याआधी हेन्री लॉसन यांची 'द ड्रोव्हर्स वाइफ' वाचा. १८९२ मध्ये सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकात आलेली ही कथा नेटवर फुकट मिळते आणि अर्ध्या तासात वाचून होते. रानात एकटं घर, नवरा मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने लांब, पदरी चार पोरं. संध्याकाळी साप घराच्या फळ्यांखाली शिरतो. बाई पोरांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवते, ॲलिगेटर नावाच्या कुत्र्याला जवळ बसवते आणि काठी हाताशी ठेवून रात्रभर जागते. बस, एवढीच गोष्ट.

त्या रात्री तिला जे आठवतं त्यात एक मूळ रहिवासी येतो. लाकडाचा ढीग आतून पोकळ रचून तिला फसवून गेलेला. कथेत तो ओझरता येतो आणि जातो, त्याला नावही नाही. सव्वाशे वर्षांनी लिया पर्सेल या मूळ रहिवासी समाजातल्या लेखिकेने हीच कथा आधी नाटकात, मग कादंबरीत आणि चित्रपटात पुन्हा मांडली. तिथे त्या माणसाला नाव मिळालं, यादाका, आणि तो गोष्टीच्या मध्यभागी आला. या देशाच्या साहित्यात दीडशे वर्षं काय चाललंय ते या दोन रूपांत दिसतं, म्हणून सुरुवात इथून करावी असं मला मनापासून वाटतं.

घरातलं की किनाऱ्यावरचं: हेलन गार्नर आणि टिम विंटन

दोघंही आजच्या साध्या माणसांबद्दल लिहितात. गार्नर यांचं जग मेलबर्नच्या घरांमधलं, विंटन यांचं देशाच्या पार पश्चिमेला, पर्थच्या बाजूच्या किनाऱ्यावरचं.

गार्नर यांची 'द स्पेअर रूम' (२००८) दोनशे पानांच्या आत संपते. पहिल्याच वाक्यात एक बाई पाहुण्यांच्या खोलीतला पलंग फिरवून दक्षिणोत्तर करते. डोकं कुठल्या दिशेला करून झोपावं यावर आपल्याकडे घरोघरी मत असतं, त्यामुळे मी तिथेच गुंतले. मग ती फिकट गुलाबी चादर घालते, कारण येणाऱ्या मैत्रिणीची कातडी पिवळट पडलीय आणि गुलाबी रंग तिला खुलून दिसेल. मैत्रीण कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात आहे, तीन आठवडे राहायला येणार आहे आणि व्हिटॅमिन सी च्या भोंदू उपचारांवर तिची पूर्ण श्रद्धा आहे. रात्री-अपरात्री घामाने भिजलेल्या चादरी बदलताना यजमान बाईला राग येतो. थेट आजारी माणसाचाच राग. गार्नर तो लपवत नाहीत, त्याला मऊही करत नाहीत. मी आईचं दुखणं घरी काढलंय. तो राग मी कोणाजवळ बोलले नव्हते. तो छापलेला पाहिला आणि पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

त्यांची 'धिस हाउस ऑफ ग्रीफ' (२०१४) कादंबरी नाही, खटल्याची हकिकत आहे. २००५ मध्ये फादर्स डेच्या संध्याकाळी व्हिक्टोरिया राज्यात एका बापाची गाडी शेततळ्यात गेली आणि आत बसलेले त्याचे तीन मुलगे बुडाले. अपघात की खून? गार्नर कोर्टात बसून साक्षीदारांचे, ज्यूरीचे, आज्या-आजोबांचे चेहरे पाहत राहतात. लिखाण अप्रतिम आहे, पण घरात लहान मुलं असतील तर हे पुस्तक लगेच हातात घेऊ नका.

विंटन यांना मायल्स फ्रँकलिन पुरस्कार चार वेळा मिळालाय. तो इथला सर्वांत मानाचा कादंबरी पुरस्कार, लेखिका मायल्स फ्रँकलिन यांच्या मृत्युपत्रातून सुरू झालेला आणि १९५७ मध्ये पहिल्यांदा दिलेला. सगळे 'क्लाउडस्ट्रीट' (१९९१) सुचवतात. पर्थमधला एक मोडका वाडा, त्यात दोन कुटुंबं, एक कामसू आणि देवभोळं, दुसरं जुगारी. वाडा म्हटल्यावर आपल्याला जे आठवतं ते सगळं आहे: भिंतीपलीकडचा आवाज, सामायिक अंगण, भांडण आणि माया एकाच दारात. पण पानं चारशेच्या वर, बोलीभाषा जाड आणि संवादांना अवतरणचिन्हंच नाहीत. कोण बोलतंय हे कळायला मला पहिली साठ पानं लागली. म्हणून विंटन यांना नव्याने भेटणाऱ्याने आधी 'ब्रेथ' (२००८) घ्यावी: दोन पोरं, नदीत श्वास रोखून धरायची त्यांची पैज, आणि पुढे लाटांचं वेड. पुस्तक निम्म्या आकाराचं आहे. उत्तरार्धात काही प्रसंग अस्वस्थ करतात, तेव्हा शाळकरी मुलांना देऊ नका.

दिवसभराचं काम उरकून रात्री वीस पानं वाचणार असाल तर गार्नर. दिवाळीच्या सुट्टीत सलग बसणार असाल तर विंटन. दोघांतून एकच पुस्तक निवडायचं तर मी 'द स्पेअर रूम' निवडेन.

इतिहास आवडत असेल तर

पीटर केरी आणि रिचर्ड फ्लॅनगन, दोघंही बुकर विजेते. केरी यांना ते दोनदा मिळालं, १९८८ आणि २००१ मध्ये. दुसऱ्या वेळची 'ट्रू हिस्टरी ऑफ द केली गँग' ही नेड केलीची गोष्ट. लोखंडी चिलखत घालून पोलिसांशी लढलेला आणि ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात फाशी गेलेला हा बंडखोर. निम्म्या देशाला तो दरोडेखोर वाटतो, निम्म्याला गरिबांचा कैवारी. उमाजी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना ही दुफळी नवी नाही. केलीने १८७९ मध्ये सांगून लिहवून घेतलेलं एक लांबलचक पत्र उपलब्ध आहे. त्या पत्राची धापा टाकणारी, विरामचिन्हं न जुमानणारी भाषा केरी यांनी उचलली आणि पूर्ण कादंबरी त्याच आवाजात लिहिली. स्वल्पविराम शोधून सापडत नाही. कान लागला की घोडा उधळावा तसं पुस्तक पळतं. केलीचं चिलखत इथल्या स्टेट लायब्ररीत ठेवलंय. पुस्तक वाचून मग ते बघायला जा.

फ्लॅनगन टास्मानियाचे. 'द नॅरो रोड टू द डीप नॉर्थ' २०१४ च्या बुकरची मानकरी. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांना राबवून सयाम ते ब्रह्मदेश असा चारशे किलोमीटरहून लांब लोहमार्ग बांधला. सुमारे २,८०० ऑस्ट्रेलियन कैदी तिथे मेले. आशियाई मजूर याच्या कितीतरी पट अधिक मेले, आणि त्यांत मलायाच्या मळ्यांतले तमिळ खूप होते. फ्लॅनगन यांचे वडील त्या कैद्यांपैकी एक. कादंबरी त्यांच्या कैदी क्रमांकाला, ३३५ ला, अर्पण केलेली आहे. लिहायला बारा वर्षं लागली, आणि पुस्तक पूर्ण झाल्याचं मुलाने फोनवर सांगितलं त्याच दिवशी वडील वारले. नायक डॉक्टर आहे. कुजलेला पाय कापण्याचा एक प्रसंग आहे, तो वाचताना मी दोनदा थांबले. तमिळ मजुरांना मात्र या गोष्टीत फार जागा मिळत नाही, आणि भारतीय वाचक म्हणून मला ते टोचलं.

केरी भाषेसाठी वाचावेत, फ्लॅनगन काळजाला हात घालतात म्हणून. इंग्रजी सरावाचं नसेल तर फ्लॅनगन सोपे जातील.

जमीन कोणाची: तारा जून विंच आणि ॲलेक्सिस राइट

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला. दोघी मूळ रहिवासी समाजांतल्या; विंच विराजुरी, राइट वान्यी. दोघींच्या गोष्टीत खाण येते आणि जमीन गिळू पाहते. पण वाचकाला हाताशी धरण्याची त्यांची रीत पूर्ण वेगळी.

राइट यांची 'कार्पेंटेरिया' (२००६) मोठ्या प्रकाशकांनी नाकारली, छोट्या जिरामोंडो प्रकाशनाने छापली आणि २००७ मध्ये तिला मायल्स फ्रँकलिन मिळाला. सुरुवातीला ढगांतून महासर्प खाली उतरतो आणि त्याच्या सरपटण्याने नद्या कोरल्या जातात. मग उत्तरेच्या आखाताकाठचं गाव, तिथली भांडणं, समुद्र, वादळ. पाचशे पानं. पूर्वरंग लांबावा, बुवांनी मध्येच चार उपकथा सांगाव्यात आणि श्रोत्यांनी हरकत घेऊ नये, तशी ही लय आहे. मी ती मनात वाचायला गेले तेव्हा दोनदा सोडली. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली आणि मगच ती उलगडली. सगळ्यांत मोठी लेखिका कोण असं विचाराल तर मी राइट यांचंच नाव घेईन. पण पहिलं पुस्तक म्हणून नाही.

'द यील्ड' (२०१९, मायल्स फ्रँकलिन २०२०) साडेतीनशे पानांच्या आत आहे आणि पहिल्या पानापासून आत घेते. ऑगस्ट नावाची तरुणी परदेशातून आजोबांच्या अंत्यविधीला गावी येते. आजोबा मरण्याआधी आपल्या भाषेचा शब्दकोश लिहीत होते, आणि घर-जमीन आता टिनाच्या खाणीत जाणार आहे. तीन धागे आलटून पालटून येतात: नातीची गोष्ट, एका जुन्या मिशनऱ्याचं पत्र आणि आजोबांचा कोश. आजोबांनी कोश उलटा, शेवटच्या अक्षराकडून लिहिलाय. प्रत्येक शब्दाखाली अर्थ कमी आणि आठवण जास्त.

शब्दकोशाला एवढं वजन का, ते कळायला कायद्याची एक गोष्ट माहीत हवी. इंग्रज आले तेव्हा ही जमीन कोणाचीच नव्हती असं इथला कायदा दोनशे वर्षं मानत होता. १९९२ च्या माबो निकालात हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय) ते खोडून काढलं. तेव्हापासून मूळ रहिवाशांना जमिनीवर हक्क सांगता येतो, पण त्या जमिनीशी आपलं नातं तुटलेलं नाही हे सिद्ध करावं लागतं. ज्यांची मुलं सरकारने उचलून नेली आणि ज्यांना भाषा बोलायला बंदी केली, त्यांनी ते सिद्ध कसं करायचं? मग आजोबांची वही हाच पुरावा होऊन बसतो.

शीर्षकावर मी बरेच दिवस विचार केला. इंग्रजीत 'यील्ड' म्हणजे जमिनीतून माणूस काढून घेतो ते. आजोबांच्या भाषेतला शब्द, 'बायान्हा', जमिनीला आपण जे देतो त्याकडे झुकतो. आपल्याकडे एकरी उतारा म्हणतात ना, तोच हा यील्ड. आणि आपल्याकडे उतारा सातबाराचाही असतो. पीक आणि मालकीचा कागद, दोन्हींना एकच शब्द. मराठी वाचकाला हे पुस्तक इतरांपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं ते यामुळेच.

आणखी एक नाव

परदेशात स्थायिक झालेल्यांनी मिशेल डी क्रेत्सर जरूर वाचाव्यात. जन्म कोलंबोचा, चौदाव्या वर्षी ऑस्ट्रेलियात. 'क्वेश्चन्स ऑफ ट्रॅव्हल' (२०१२) मध्ये एक ऑस्ट्रेलियन बाई हौसेने जग फिरते आणि एका श्रीलंकन माणसाला जीव वाचवण्यासाठी देश सोडावा लागतो. पुस्तक जाडजूड आहे, मध्ये थोडं रेंगाळतं, पण घर सोडलेल्या माणसाला त्यातलं बरंच काही स्वतःचं वाटेल.

भाचीने 'द यील्ड' घेतलं. शेवटी आजोबांचा पूर्ण कोश छापलाय. गोष्ट संपली म्हणून ती पानं सोडू नकोस असं तिला बजावलं होतं. परवा तिचा व्हॉइस मेसेज आला. पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत येणारा, मायभूमीसाठीचा शब्द तिने तीनदा म्हणून दाखवला होता: ङुरांबांग. "मावशी, इंग्रजीत याला दोन अक्षरं जोडावी लागलीत. आपल्याकडे ङ आहे, पण आपण तो फक्त वाङ्मयात वापरतो. इथे शब्द त्यानेच सुरू होतो."