"ईसीएम गेलाय" म्हणून 23,500 ला लुटलं, गेला होता एक सेन्सर

सोलापुरात ज्यांची जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी वाचाच. मे महिन्यात भर दुपारी आसरा चौकात माझी गाडी बंद पडली. सेल मस्त फिरतोय पण इंजिन पकडेना. टोचन करून एका गॅरेजला नेली, नाव लिहीत नाही, उगं नोटीस यायची. मिस्त्रीनं एक कॉइल (प्लगला करंट देते ती) काढली, प्लग लावला, मला सेल मारायला सांगितलं आणि म्हणला, "बघा मालक, करंटच नाही. चारी कॉइल गेल्यात, ईसीएम पण गेलाय."

ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. आणि चारी कॉइल. एकदम. चालत्या गाडीत! आता आठवलं की डोकं फिरतंय. एक कॉइल गेली तर गाडी थडथडत का होईना तीनवर चालते, चारीला एकदम करंट नाही म्हणजे चौघांना मिळून जे लागतं तिथं बघायचं, फ्यूज, रिले, वायरिंग नाहीतर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवतो तो). आणि मी सेल मारताना आरपीएमचा काटा शून्यावर मेल्यागत पडलेला, माझ्या डोळ्यासमोर! बऱ्याच गाड्यांत तो सेल मारताना थोडा तरी हलतो, सेन्सरच गेला तर हलत नाही. पण मी चादरीच्या दुकानात बसणारा माणूस, मला हे कोण सांगणार? बायको-पोरं रिक्षानं घरी पाठवून 42 डिग्रीत उभा असलेला माणूस काट्याकडं बघतो होय? बरं, प्लगसुद्धा त्यानं हातात अधांतरी धरलेला. प्लगचं लोखंड इंजिनच्या बॉडीला टेकलं नाही तर चांगल्या गाडीतही ठिणगी दिसत नाही. (स्वतः करायला जाऊ नका, शॉक जबरी बसतो.)

ईसीएम 14,500, चार कॉइल 7,400, मजुरी 1,600. वहीच्या पानावर लिहून दिलं. 15,000 फोनवरून दिले, 8,500 रोख, कारण "पार्टवाल्याला कॅशच लागते". रात्रभर गाडी ठेवली, सकाळी पहिल्या सेलला चालू. मी वर चहाला पैसे पण दिले पोराला!

पुढं अक्कलकोट रोडला तेच. ह्यावेळी ओळखीच्या मिस्त्रीनं आधी स्कॅनर लावला, कोड आला पी 0335, म्हणजे क्रँक सेन्सर. हा सेन्सर खराब व्हायला लागला की इंजिन तापल्यावर दगा देतो आणि थंड झालं की परत चालतो. म्हणजे त्या रात्री दुरुस्ती काहीच झाली नव्हती, गाडी नुसती थंड झालेली! ईसीएमवर तीच जुनी धूळ, नटाला पाना लागल्याची खूण नाही. कॉइल जुन्याच, पेट्रोलनं पुसलेल्या. आणि इमोबिलायझरवाल्या (ओळखीची चावी असेल तरच चालू होणाऱ्या) गाडीत ईसीएम बदलला तर चावी कोडिंग करावी लागते, माझी तर तीच चावी लगेच चालली. सेन्सर 1,150, मजुरी 300. विषय संपला.

जुने पार्ट मागून घ्या, तिथंच, पैसे द्यायच्या आधी. मी नंतर मागितले तर म्हणला भंगारात गेले.

पोलिस ठाण्यात गेलो तर "दिवाणी मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जावा". अर्ज तरी घ्या म्हणलं तर साहेब बंदोबस्ताला. परत गेलो तर अर्ज घेतला पण पोच देईनात, वर एक हवालदार मलाच म्हणतो, "शिकलेला माणूस तुम्ही, पक्कं बिल घेतलं नाही?" अहो बिल देत नाही म्हणून तर तक्रार आहे ना! चोराला सोडून मलाच विचारायचं, पगार कशाचा घेता? दुसऱ्या एका कार्यालयात ह्या टेबलावरून त्या टेबलावर, शेवटी "जेवणाची सुट्टी झाली".

1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन पण करता येतो. मी वहीचं पान, फोनवरच्या 15,000 चा स्क्रीनशॉट आणि दुसऱ्या मिस्त्रीचा स्कॅनरचा फोटो लावून दावा टाकतोय. रोख दिलेल्या 8,500 ला पुरावा म्हणून फक्त ते वहीचं पान आहे, त्यावर त्याची सहीसुद्धा नाही.