थर्मामीटर: सहा केमोनंतरचा अनुभव

वस्तू साधी आहे. वाकणाऱ्या टोकाचा डिजिटल थर्मामीटर, सांगलीत विश्रामबागच्या मेडिकलमधून २४० रुपयांना घेतला. पाच महिने रोज वापरला.

माझ्या बायकोला स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशननंतर मिरजेत दर २१ दिवसांनी एक, अशा सहा केमो झाल्या. पहिल्या केमोनंतर घरी सोडताना डॉक्टर मॅडमनी औषधांच्या चिठ्ठीखाली लाल पेनानं लिहून दिलं होतं: १००.४. एकदा जरी एवढा ताप दिसला तरी सकाळची वाट बघायची नाही, सरळ निघून यायचं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यामुळे इन्फेक्शन झालं तरी ना सूज येते ना पू होतो, कधी कधी ताप एवढी एकच खूण असते.

आमच्याकडे कोविडात घेतलेली, कपाळासमोर धरायची गन होती. तेव्हा अठराशे रुपये मोजले होते. दुसऱ्या केमोच्या नवव्या दिवशी रात्री हिला हुडहुडी भरली. गनवर ९७.९. कपाळ घामानं ओलं, वर पंखा चालू, त्यावर गनला काय कळणार! पण मला तोच आकडा हवा होता, म्हणून मी क्षणभर मानला. ही पण म्हणाली, "अहो, काही नाही, झोपा तुम्ही." तरी मन मानेना. हा थर्मामीटर काढून जिभेखाली ठेवला, १००.९. रात्री अडीचला शेजाऱ्यांनी गाडी काढली. मिरजेत पोचल्यावर रक्त घेतलं आणि रिपोर्ट यायच्या आधीच सलाईनमधून अँटिबायोटिक चालू केलं. पांढऱ्या पेशी ९०० निघाल्या. पाच दिवस ॲडमिट होती.

वापरताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. चहा-पाणी घेतलं असेल तर अर्धा तास थांबून मगच जिभेखाली ठेवायचा. तोंडात फोड आले की जिभेखाली सहन होत नाही, मग काखेत. काखेत आकडा थोडा कमी येतो, म्हणून तिथं ९९.५ दिसलं तरी फोन करा असं सिस्टरनी सांगितलं होतं. पेशी कमी असताना गुदद्वारात अजिबात लावायचा नाही. आणि ताप मोजल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायची नाही, ताप दबतो आणि कळतच नाही.

यात मला खटकलं ते म्हणजे स्क्रीनला लाईट नाही. रात्री मोबाईलचा टॉर्च लावला की हिची झोपमोड व्हायची. शेवटी मी झिरोच्या बल्बखाली जाऊन बघायला लागलो. मेमरीतही फक्त शेवटचाच आकडा राहतो. मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे, नोंदीशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक वही घातली: तारीख, वेळ, आकडा, जिभेखाली की काखेत. पुढं मॅडम आधी ती वही मागून घ्यायच्या.

चौथ्या केमोनंतर मुलगी पुण्याहून यायची होती. त्या दिवशी बीप व्हायच्या आधीच हिनं थर्मामीटर काढून माझ्या हातात दिला. ॲडमिट व्हायला नको होतं तिला. मी चिडलो, बोललो पण. तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही घरात आलात की पहिला हात माझ्या कपाळाला. तोंडाकडे बघतच नाही." ते लागलं मला. लगेच तिनंच पुन्हा लावला, दोघांनी मिळून बघितला, ९९.१. त्या रात्री ठरवलं, सकाळी सात आणि रात्री नऊ, दोनच वेळा मोजायचं. थंडी वाजली, अंग मोडून आलं तर तिनं स्वतः सांगायचं. बाकीच्या वेळी मी कपाळाला हात लावणार नाही. त्यानंतर संध्याकाळी यार्डातून आलो की आम्ही दाराशी खुर्च्या टाकून बसायचो. दर काय निघाला, कोण आलं होतं, असलंच बोलायचो. नऊ वाजले की ती स्वतःच मागायची, "आणा तो."

आता तिची रेडिएशन चालू आहे. सेल अजून पहिलाच आहे. पाचपैकी चार देतो, एक लाईटचा कापला. घ्यायचे तर दोन घ्या, एक ॲडमिटच्या बॅगेत टाकून ठेवा. घाईत निघताना आम्ही एकदा घरीच विसरलो होतो.