अमेरिकन मुत्सद्द्यांची पत्रं: संकेतस्थळ, छापील खंड की मूळ पानांच्या प्रतिमा?

अमेरिकेच्या स्थापनेच्या काळातले मुत्सद्दी फ्रँकलिन, जेफरसन, मॅडिसन, जॉन अ‍ॅडम्स यांची पत्रं मिळत नाहीत, अशी आज कुणाचीच तक्रार नसते. अडचण वेगळीच असते: एकच पत्र चार ठिकाणी सापडतं आणि चारही ठिकाणचा मजकूर तंतोतंत जुळत नाही. मोडीतला मूळ कागद आणि बाळबोधीत छापलेला उतारा पडताळून पाहिलेल्या वाचकाला याचं नवल वाटणार नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी 'फाउंडर्स ऑनलाइन' उघडावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन विभागासोबत हे संकेतस्थळ 2013 मध्ये सुरू केलं. सुरुवातीला वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन आणि मॅडिसन असे सहा जण होते, पुढे जॉन जे यांची भर पडली. कागदांची संख्या 1,80,000 च्या वर आहे. पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. पत्र लिहिणारा, घेणारा आणि तारखांची मर्यादा अशा तीन चाळण्या लावल्या की दोघांमधली आवक-जावक पत्रं एका रांगेत दिसतात.

मात्र ही रांग पत्र लिहिल्याच्या तारखेने लागते, पोचल्याच्या नव्हे. नवखा वाचक हमखास इथे फसतो. मॅडिसनने 24 ऑक्टोबर 1787 रोजी नव्या राज्यघटनेवर लांबलचक पत्र लिहिलं. पॅरिसहून जेफरसनने 20 डिसेंबरला उत्तर दिलं आणि हक्कांची सनद का नाही, असं त्यात विचारलं. त्या उत्तराच्या सुरुवातीलाच तो सांगतो की जुलै, सप्टेंबर आणि ऑक्टोबरची तिन्ही पत्रं त्याला गेल्या काही दिवसांतच मिळाली. ती ओळ गाळून पुढे गेलात तर जुलैच्या मुद्द्यांवर हा गृहस्थ पाच महिने गप्प का, असा भलताच प्रश्न पडतो. अटलांटिकपलीकडची पत्रं जहाजावर अवलंबून असत. म्हणून महत्त्वाचा मजकूर दोन-तीन प्रतींत वेगवेगळ्या जहाजांतून पाठवत. तेव्हा कोणत्याही पत्राची पहिली दोन वाक्यं आधी वाचा: कोणत्या तारखांची पत्रं पोचली, हे बहुधा तिथेच असतं.

शोधताना स्पेलिंगही आडवं येतं. 'सायफर' हा शब्द कुणी आय घालून लिहितो, कुणी वाय. 'पब्लिक'च्या शेवटी के असतो किंवा नसतो. दोन्ही रूपांनी शोध घ्यावा.

या संकेतस्थळावरचे सगळे कागद एकाच दर्जाचे नाहीत. काहींवर 'अर्ली अ‍ॅक्सेस' असा शेरा असतो. म्हणजे लिप्यंतर झालंय, पण संपादकांची अंतिम तपासणी व्हायची आहे आणि टिपाही नाहीत. नुसतं वाचायला हरकत नाही. उद्धृत करायचं असेल तर मात्र तो शब्द मूळ पानावर जुळवून पाहावा, कारण शेरा असलेला मजकूर उद्या बदलू शकतो.

छापील खंडांचं काय? जेफरसनच्या कागदपत्रांचा पहिला खंड प्रिन्स्टनहून 1950 मध्ये निघाला. हॅमिल्टनचे 27 खंड 1961 ते 1987 दरम्यान पुरे झाले. खंडांमधला संपादित मजकूर आणि टिपा फाउंडर्सवर आहेतच, त्यामुळे नव्या खंडाला शंभर डॉलरच्या पुढे किंमत मोजणं घरच्या वाचकासाठी उधळपट्टी आहे. खंडाचं खरं बळ विषयसूचीत. मच्छीमारीच्या हक्कांबद्दलची पत्रं हवीत आणि कोणता शब्द शोधावा हे ठाऊक नसेल, तर संगणकाचा शोध कुचकामी ठरतो, तर सूची पानापर्यंत नेऊन सोडते. त्यासाठी ग्रंथालयात एक दुपार पुरते.

खंड असो वा संकेतस्थळ, पत्राखालची पहिली टीप वगळू नका. तिथे 'आर-सी' असेल तर मजकूर समोरच्याला पोचलेल्या प्रतीवरून घेतला आहे. 'एफ-सी' म्हणजे दप्तरी ठेवलेली प्रत, 'एल-बी-सी' म्हणजे पत्रवहीतली नक्कल. मसुद्यात असलेलं वाक्य पाठवलेल्या पत्रात नसू शकतं. तुम्ही वाचताय ते समोरच्याने खरोखर वाचलं का, हे ठरतं ते इथे. सांकेतिक मजकुराचंही तेच. 1781 मध्ये अमेरिकेचा परराष्ट्र सचिव लिव्हिंग्स्टनने 1 ते 1700 आकड्यांचे छापील तक्ते काढले होते. एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला शब्द व अक्षरगट असत. जेफरसनच्या खंडांत उलगडलेला भाग तिरप्या टाइपात येतो. वाचकाला तो जोर देण्यासाठी अधोरेखित केल्यासारखा वाटतो. वास्तविक तो लपवण्यासाठी लिहिलेला असतो.

मग एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या आवृत्त्या कशाला हव्यात? कारण फाउंडर्सची चौकट सात नावांची आहे. क्रांतिकाळात युरोपात गेलेले प्रतिनिधी सायलस डीन किंवा आर्थर ली यांनी अमेरिकन काँग्रेसला धाडलेले खलिते त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी फ्रान्सिस व्हार्टनने संपादित केलेले क्रांतिकाळातल्या राजनैतिक पत्रांचे 1889 चे सहा खंड अजून लागतात, आणि ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्याआधीचे, 1829-30 चे याच पत्रांचे जेरेड स्पार्क्सचे बारा खंड मात्र आधार म्हणून धरू नयेत. स्पार्क्सला सभ्यतेची फार काळजी. वॉशिंग्टनच्या पत्रांच्या आवृत्तीत त्याने 'ओल्ड पुट' या टोपणनावाचा 'जनरल पटनम' केला, आणि एके ठिकाणी रक्कम म्हणजे निव्वळ 'पिसवाचा चावा' असं लिहिलं होतं, तिथे 'गरजेच्या मानाने अगदीच अपुरी' अशी सोज्वळ भाषा घातली. राजनैतिक पत्रांतूनही त्याने मजकूर गाळला आणि व्हार्टनने त्याबद्दल त्याला धारेवर धरलं.

फ्रेंच न येणाऱ्याला व्हार्टनचा आणखी एक उपयोग आहे. 30 नोव्हेंबर 1782 रोजी अमेरिकन राजदूतांनी मित्रदेश फ्रान्सला न विचारता ब्रिटनशी तहाच्या प्राथमिक कलमांवर परस्पर सह्या केल्या. 15 डिसेंबरला फ्रेंच मंत्री व्हर्जेनने फ्रँकलिनला खरमरीत पत्र पाठवलं आणि 17 तारखेला फ्रँकलिनने उत्तर दिलं: चूक फक्त शिष्टाचाराची, आणि हा लहानसा गैरसमज गुप्त राहावा, म्हणजे आपल्यात फूट पडली असं समजणारे इंग्रज तोंडघशी पडतील. फ्रँकलिनच्या आधुनिक खंडात व्हर्जेनचं पत्र फ्रेंचमध्येच आहे, तर व्हार्टनकडे इंग्रजी भाषांतर मिळतं. अ‍ॅडम्सच्या खंडांत परभाषेतल्या पत्रांसोबत भाषांतर देण्याची पद्धत आहे.

1789 नंतरच्या परराष्ट्र कारभारासाठी 'अमेरिकन स्टेट पेपर्स'मधले परराष्ट्र संबंधांचे सहा खंड आहेत. फक्त एवढं लक्षात ठेवा की काँग्रेसपुढे मांडलेलेच कागद त्यांत छापले आहेत. 1798 मध्ये अध्यक्ष अ‍ॅडम्सने पॅरिसहून आलेले खलिते काँग्रेसला दिले तेव्हा लाच मागणाऱ्या फ्रेंच मध्यस्थांच्या नावांजागी एक्स, वाय, झेड ही अक्षरं घातली. प्रकरणाला नावही त्यावरूनच पडलं.

मूळ पानांच्या प्रतिमा शेवटी बघाव्यात, आणि नेमका प्रश्न घेऊनच. वॉशिंग्टन, जेफरसन आणि मॅडिसन यांचे मोठे संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने जालावर ठेवले आहेत. खाडाखोड, समासातली भर, संशयास्पद शब्द यांसाठी दुसरा इलाज नाही. पण प्रतिमा दिसली म्हणजे पाठवलेलं पत्र दिसलं, असं समजू नका. वॉशिंग्टनच्या युद्धकाळच्या कागदांत रिचर्ड व्हॅरिकच्या देखरेखीखाली लिहिलेल्या 44 नकलवह्या आहेत, त्यातलं अक्षर लेखनिकांचं. जेफरसन पॅरिसमध्ये असताना दाबयंत्राने प्रत काढी: ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबायचा, अक्षरं उलटी उमटतात, ती कागदाच्या मागच्या बाजूने वाचायची. अशा प्रती बऱ्याच फिक्या पडल्या आहेत. प्रतिमा मोठी करून, रंगभेद वाढवूनही शब्द लागला नाही, तर समोरच्याला मिळालेली प्रत कुठे आहे ते फाउंडर्सच्या टिपेत पाहा आणि त्या संग्रहाकडे वळा.